त्याच्या खिशात माझा रिपोर्ट

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरणीत ज्वारीचा डबा नंबराला लावून बाकड्यावर बसलो होतो. गिरणी चालू, त्यामुळे त्याच्या मुलाचा, नंदूचा, आवाज नीट ऐकू येईना. "काका, बाबा..." एवढं कळलं आणि पुढचं सगळं पट्ट्याच्या आवाजात गेलं. मी ओरडून विचारलं, "काय झालं?" तोही पलीकडून ओरडून म्हणाला, "गेले!" बाप गेल्याची बातमी पोराला अशी ओरडून सांगायला लावली, याची मला अजून लाज वाटते. माझा चेहरा बघून गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला, आणि सगळीकडं एकदम शांत झालं. मी उठलो, डबा तिथंच सोडला आणि तसाच बुलढाण्याच्या बसस्टँडवर गेलो. चार दिवसांनी गिरणीवाला स्वतः पीठ शेजाऱ्यांकडं देऊन गेला, असं मला नंतर कळलं.

राजूर घाट उतरायचा, मोताळा, नांदुरा, मग पूर्णेचा पूल ओलांडून संग्रामपूरकडचं त्याचं गाव. हा रस्ता मला डोळे मिटून येतो. त्या दिवशी मात्र गावात उतरलो आणि भलतंच झालं. पानटपरीवाल्यानं वर पाहिलं आणि त्याचा चुना लावायचा हात तसाच राहिला. थांब्यावर टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी "अगं माय वं!" म्हणत पदर डोक्यावर ओढून मागं सरकली. मला क्षणभर कळलंच नाही काय झालं ते. मग उमगलं. ज्या माणसाच्या तिरडीसाठी बांबू आणायला गावातली पोरं गेली होती, तोच माणूस एसटीतून उतरून समोर उभा होता. "मी त्याचा भाऊ," मी म्हणालो, "जुळा." म्हातारीनं हात जोडले, पण माझ्या तोंडाकडं काही पाहिलं नाही.

हो, आम्ही जुळे. तो सुधाकर, मी मधुकर. आधी कोण आणि नंतर कोण यावर अमडापुरात, जिथं बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, आळीतल्या बायकांचे कायमचे दोन तट होते. मी आधी बाहेर आलो म्हणून मी मोठा, असं एक मत. पोटात जो आधी राहतो तो आत खोल असतो आणि नंतर निघतो, म्हणून सुधाकर मोठा, हे दुसरं. हा वाद साठ वर्षांत सुटला नाही. त्यामुळे तो माझ्या बायकोला वहिनी म्हणायचा आणि मी त्याच्या बायकोला वहिनी म्हणायचो. दोघींनाही मान मिळत असल्यानं कुणी तक्रार केली नाही. आई लहानपणी आम्हाला ओळखण्यासाठी माझ्या मनगटाला काळा दोरा बांधायची, आणि आम्ही तो अदलाबदल करून तिला हैराण करायचो. एकदा माझ्या खोडीचा मार त्यानं निमूट खाल्ला होता, दोरा त्याच्या हातात होता म्हणून.

बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, घाटाखाली शेती करायचे. कपाशीची चांगली जमीन होती, मूल नव्हतं. आम्ही पाच वर्षांचे असताना ते एकाला दत्तक न्यायला आले. कोणाला न्यायचं, हे म्हणे ठरलं नव्हतं. त्या दिवशी मला ताप होता. "तापाचं लेकरू एवढ्या लांब कसं धाडू," असं आई म्हणाली आणि सुधाकर गेला. आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगितली जायची, आणि मी ती इतक्यांदा ऐकली की त्या तापाची चव मला आजही तोंडात येते. दोन पोरांपैकी एकानं खाली जायचं आणि एकानं वर राहायचं, हे एका दिवसाच्या तापानं ठरवलं. पुढं जे झालं त्याचा विचार करताना मी कितीही कुठून सुरुवात केली तरी त्या तापाशीच येऊन पोचतो.

आमच्या जिल्ह्यात माणूस घाटावरचा की घाटाखालचा, हे आधी विचारतात. आम्ही घाटावरचे थंड हवेचे, गोड पाण्याचे. तो गेला खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पहिल्या सुट्टीत मी त्याच्याकडं गेलो, तांब्या तोंडाला लावला आणि थू करून अंगणात थुंकलो. सुधाकर पोट धरून हसला. "काऊन बे, गोडं पाणी पिऊन तोंड बिघडलं काय तुहं?" तोपर्यंत त्याची बोलीही बदलली होती आणि रंगही. मे महिन्यात तिथं ऊन असं असतं की दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही, आणि हा डोक्याला उपरणं गुंडाळून वावरात. पुढं मी बी.एस्सी. करून बुलढाण्याच्या एका हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर झालो, पंख्याखाली उभं राहून शिकवू लागलो. तो शेतकरी झाला, आणि हाडाचा झाला. तिशीत आम्हाला शेजारी उभं केलं तर लोक भाऊ म्हणत, जुळे म्हणत नसत. मी गोल, गुबगुबीत. तो काळा, सडसडीत, गळ्याच्या शिरा दिसणारा. मला त्याच्या अंगकाठीचा हेवा वाटायचा आणि तो माझ्या पोटावर थाप मारून म्हणायचा, "सरकारी गोदाम!"

बाबा साठी गाठायच्या आत गेले. आधी पायांवर सूज, मग तोंडावर, मग सगळ्या अंगावर. तेव्हा कुणी किडनीचं नाव घेतलं नाही. आमच्याकडं त्याला ‘सुजीचं दुखणं’ म्हणत आणि आमच्या घराण्यात ते आधीही होऊन गेलं होतं असं आई सांगायची. मी घाबरलो. मी मुळात भित्राच. चाळिशी उलटल्यापासून दर वर्षी दिवाळीच्या आधी मी रक्त तपासून घ्यायला लागलो. रक्तदाबाची गोळीही मला लवकर लागली आणि ती मी कधी चुकवली नाही. सुधाकरला मी म्हणायचो, तूही तपासून घे. तो म्हणायचा, "मले टाइम हाये काय? अन् सुई मले चालत नाही." बैलाच्या शिंगाला न भिणारा माणूस सुईला भ्यायचा.

आता माझी चूक सांगतो. एका दिवाळीला त्याच्या अंगणात चारपाच माणसं बसली होती आणि मला शिकवायची उबळ आली. मास्तराला श्रोते दिसले की राहवत नाही. दहावीला आनुवंशिकतेचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला होता, वाटाण्याच्या शेंगा फळ्यावर काढून. मी सांगितलं की काही जुळे दोन अंड्यांतून होतात, काही एकाच अंड्यातून. आम्ही एकाच अंड्यातले. "मास्तर, माणूस का कोंबडीवानी अंड्यातून निंगते?" कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले. मी चिडून जास्तच जोरात सांगायला लागलो, की निसर्गानं आमच्या शरीराचा एकच मजकूर दोनदा लिहिलाय, कानामात्रेचा फरक नाही. सुधाकर पुढं सरकला. तो म्हणाला, "म्हंजे तुह्यात जे हाये तेच माह्यात हाये?" मी म्हणालो, "हाव." "मंग तू सुई टोचून घेतली त मी काऊन टोचून घेऊ?" अंगणात हशा पिकला, टाळ्या पडल्या. मीही हसलो. त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "आण त. यंदा आपला रिपोर्ट कसा हाये?"

तो ‘आपला’ शब्द मला फार आवडला होता. काळा दोरा सुटल्यानंतर इतक्या वर्षांनी आमच्या दोघांचं काहीतरी एक झालं, असं वाटलं. मग तो रिवाजच पडला. दर दिवाळीला मी रिपोर्टाची झेरॉक्स घेऊन खाली जायचो, तो चष्मा लावून आकडे बघायचा, "आपलं बरं चाल्लंय" म्हणायचा, कागदाची घडी घालायचा आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचा. मी विज्ञानाचा मास्तर. मजकूर एक असला तरी तो कुठल्या कागदावर, कुठल्या पाण्यात, कुठल्या उन्हात ठेवला यानं फरक पडतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. वर्गात मी ते वाक्य सांगायचो, अंगणात सांगितलं नाही.

एकदा त्याच्या गावात तपासणीचं शिबिर होतं. गावात बऱ्याच जणांना किडनीचा त्रास निघू लागला होता, म्हणून घरोघरची माणसं बोलवून रक्त घेत होते. सुधाकरनं आशाताईला खिशातला कागद काढून दाखवला. ती म्हणाली, यावर नाव मधुकर आहे. तो म्हणाला, "नावच तेवढं अलग हाये, रक्त तेच. माहा भाऊ सायन्सचा मास्तर हाये, त्यालेच विचारा." तिनं खरंच फोन लावला. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. तिनं विचारलं, सर, हे असं म्हणतात, खरं आहे का? मला हसू आलं. मी म्हणालो, "हो, आम्ही जुळे आहोत, एकाच अंड्यातले." मागून सुधाकरचा विजयी आवाज ऐकू आला. त्यानंतर ‘पण तरी त्याचं रक्त घ्या’ हे वाक्य मी बोललो की नाही... गेले काही आठवडे मी तो फोन पुन्हा पुन्हा आठवून बघतोय. बोललो नाही. मी फोन ठेवला आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.

त्यानंतर तीन वर्षांनी वहिनींना त्याच्या पावलांवर चपलेच्या पट्ट्याचा वळ दिसला. रात्रभर झोपून उठला तरी वळ जाईना. त्या त्याला धरून अकोल्याला घेऊन गेल्या, मीही वरून गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सावकाश. त्यांनी तपासण्या केल्या आणि विचारलं, याआधी कधी रक्त तपासलं होतं का? सुधाकरनं बंडीच्या खिशातून घडी काढून टेबलावर ठेवली. "दर साल तपासतो," तो म्हणाला, "नॉर्मल हाये." बाईंनी कागद उलगडला, नाव वाचलं, माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत होतो. त्यांनी नवा रिपोर्ट जुन्याच्या शेजारी ठेवला. किडनी बिघडली की वाढतं ते क्रिएटिनिन, माझं आणि त्याचं. एकाच अंड्यातल्या दोन माणसांचे ते दोन आकडे एकमेकांच्या ओळखीचेही वाटत नव्हते.

हे पाण्यानं झालं का, असं वहिनींनी विचारलं. गावातला माणूस पाण्यालाच दोष देतो. बाई म्हणाल्या, पाणी असेल, पण एकटं पाणी म्हणता येणार नाही. घराण्यातून काहीतरी कमजोर आलेलं दिसतं, वडिलांचंही तेच होतं. त्यावर मग आयुष्य येऊन बसतं... उन्हात अंगातलं पाणी आटणं, न कळलेला रक्तदाब. त्यांनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या खायचात का? सुधाकर म्हणाला, फवारणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत कंबर धरते, तेव्हा दुकानातून आणून रोज एक, कधी दोन. बाईंनी मान हलवली. "यातलं एकेक वेगळं असतं तर कदाचित निभावलं असतं," त्या म्हणाल्या. सुधाकरनं बोटांवर एकेक मोजलं. मग म्हणाला, "म्हंजे बेणं अन् वावर. पण डॉक्टरीणबाई, पीक बुडालं त नाव कोणाचं घ्या? बेण्याचं का वावराचं?" बाई हसल्या. "दोघांचं, आणि त्या वर्षीच्या हवेचंही." "मंग त केसच टाकता येत नाही कोणावर," तो म्हणाला. त्याला खरंच गंमत वाटली होती. मला मात्र त्या यादीत आणखी एक नाव घालायचं होतं, आणि ते घालायची माझी हिंमत झाली नाही.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा नंदू त्याला घेऊन जायचा. किडनी बदलायचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या, आणि त्यात काही चूक नव्हती. जुळ्या भावाची किडनी शरीराला परकी वाटतच नाही, हे मी दहावीच्या पोरांना सांगत आलो होतो. वहिनींना साखरेचा त्रास, त्यांची चालत नव्हती. नंदूची घ्यायला सुधाकर मरेपर्यंत तयार झाला नसता. मी म्हणालो, माझी घ्या. लगेच म्हणालो, हे खरं आहे. पण त्यानंतरचे दिवस मी भीतीनं अर्धा झालो होतो, हेही खरं आहे. माझ्या तपासण्या झाल्या, आणि दर दिवाळीच्या रिपोर्टात जे कधी बघितलंच गेलं नव्हतं ते बाईंनी बघितलं. लघवीतून प्रथिनं जात होती. माझ्याही किडनीत सुरुवात झाली होती. "तुमचं बियाणं तेच आहे, सर," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वावर चांगलं मिळालं म्हणून उशीर झालाय. लवकर गोळी सुरू झाली, तपासत राहिलात. पण तुमची किडनी घेता येणार नाही. तुम्हाला त्या दोन्ही लागतील."

मी बाहेर व्हरांड्यात आलो. खोटं कशाला सांगू... मला हायसं वाटलं. आपल्यालाही तोच आजार आहे हे मनात उतरायच्या आधी, भाऊ आता वाचणार नाही हे मनात उतरायच्या आधी, पहिल्यांदा मनात आलं ते हे, की सुंठीवाचून खोकला गेला. कापाकापी टळली. सुधाकर भिंतीला टेकून बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "सुटला ना बे तू?" आवाजात राग नव्हता. मग मी त्याला कारण सांगितलं. त्यानं माझ्या हातातला रिपोर्ट घेऊन बघितला आणि म्हणाला, "पाह्य. आपला रिपोर्ट अखेर एकच निंगाला." आणि हसायला लागला. त्या व्हरांड्यात सगळी माणसं आमच्याकडं बघत होती आणि आम्ही दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होतो, निदान लांबून तरी ते हसणंच वाटलं असेल.

त्यानंतर तो दीड वर्ष जगला. या काळात एक गोष्ट घडली ती माझ्या लक्षात आली नव्हती, इतरांच्या आली. बाईंनी माझं मीठ तोडलं, चालायला लावलं. पोट गेलं, गाल बसले, फटफटी सोडून पायी हिंडल्यानं रंगही रापला. मी हळूहळू सुधाकरसारखा दिसू लागलो. डायलिसिसच्या खोलीत मी त्याच्याशेजारी बसलेला असायचो तेव्हा परिचारिका गोंधळायच्या. शेवटच्या भेटीतही मी तिथंच बसलो होतो. यंत्र चालू होतं. मला त्या व्हरांड्यातलं बोलून टाकायचं होतं. मी म्हणालो, "सुध्या, त्या दिवशी मले..." तो म्हणाला, "मालूम हाये मले. माह्याच थोबाडावर काय चाल्लं ते मले दिसत नाही काय?" पुढं म्हणाला, "तुह्या जागी मी असतो त मीबी भेलो असतो. सुई मले कुठं चालते?" मग मी त्या तापाची गोष्ट काढली, मला ताप नसता तर इथं मी असतो, असं काहीसं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "कोणता ताप?" त्याच्या घरी ती गोष्ट वेगळीच होती. मोठीआई त्याला सांगायची, की दोन्ही पोरं दारात उभी होती, मोठेबाबांनी हात पुढं केले, आणि हा आपणच पळत जाऊन त्यांच्या खांद्यावर चढला. "मले कोणी नेलं नाही बे. मी हासत आलो होतो," तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले. खरी गोष्ट कोणती ते सांगायला आता कुणीच राहिलेलं नाही.

तेराव्याला मी गावात होतो. माझी बायको तेवढ्यापुरती पुण्याहून आली होती आणि लगेच परत गेली, मुलीचं बाळंतपण होतं. माणसं पांगली आणि वहिनी माझ्याजवळ आल्या. सबंध तेरा दिवसांत त्यांनी माझ्याकडं एकदाही सरळ बघितलं नव्हतं. मी ओसरीवर बसलो की त्या आत जायच्या, मी आत गेलो की परसात. त्या दिवशीही जमिनीकडं बघतच म्हणाल्या, "भाऊजी, राग नका मानू. तुमी दारातून आत आले का माह्या काळजाचं पाणी होते. वाटते, दवाखान्यातून वापस आले. मंग लक्षात येते... काही दिवस नका येऊ इकडे." मी म्हणालो, बरं. परत येताना एसटीत मी तोंडावर रुमाल बांधून बसलो.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते सांगायचं म्हटलं तर सांगण्यासारखं काही नाही. घरात मी एकटा. लोक भेटायला आले, दोन दिवस आले. शहरात सुधाकरला ओळखणारं कोण होतं? माझा भाऊ गेला, पण त्याच्याविषयी बोलता येईल असं एकच घर या जगात होतं आणि तिथं माझ्या तोंडाला बंदी होती. वहिनींचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मला तिथल्या ओसरीवर बसायचं होतं, त्याच्या वावरात जायचं होतं, कुणीतरी त्याच्या खोड्या सांगाव्यात आणि मी आणखी एक सांगावी, असं होतं. मला फार एकटं वाटत होतं, आणि साठीच्या माणसानं ते कुणाला सांगायचं याची काही रीत नाही. एकट्यापुरता स्वयंपाक म्हणजे खिचडी, नाहीतर दुकानातली पोळी आणि लोणचं. बाईंनी लोणचं बंद केलं होतं. बघायला कोणी नव्हतं, म्हणून मी खात होतो. खरं सांगायचं तर स्वतःची काळजी घ्यावी असं मला मनापासून वाटतच नव्हतं.

गेल्या मंगळवारी सकाळी दार वाजलं. नंदू होता आणि त्याच्या मागं पदर पुढं ओढून वहिनी. नंदू तिशीचा, बापासारखाच काटक आणि बापासारखाच हट्टी. तो चपला काढता काढताच म्हणाला, "काका, तुमीच सांगा आता इले. मले काही होऊन नाही राह्यलं. तुमी बी ठणठणीत हाच ना?" वहिनी उंबऱ्यावरूनच, पायरीकडं बघत बोलल्या, "तुमचं नाव सांगून तपासाले टाळून राह्यला हा. म्हून घेऊन आली. याचं रक्त याच्याच हातातून काढा, माह्या डोयासमोर." मी शर्ट घातला. नंदू रस्ताभर कुरकुरत होता, वहिनी मागून येत होत्या. लॅबमध्ये त्याच्या दंडाला रबरी नळी बांधली तेव्हा त्यानं तोंड फिरवलं, आणि माझ्या लक्षात आलं की यालाही सुई चालत नाही. मी त्याचा दुसरा हात धरला. नाव विचारलं तेव्हा मीच मोठ्यानं सांगितलं, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. लघवीही तपासा, असं बजावून सांगितलं. ‘याचं रक्त घ्या’ हे जे वाक्य एकदा बोलायचं राहिलं होतं ते त्या दिवशी मी तिथल्या माणसाला तीनदा सांगितलं, शेवटी तो वैतागला.

रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. घरी आल्यावर वहिनींनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. वरण, भाकरी, भोपळ्याची भाजी. मी ताट वाढून घेतलं आणि सवयीनं बरणीतली लोणच्याची फोड ताटाच्या कडेला ठेवली. नंदू समोर बसला होता. वहिनी भाकरी वाढायला वाकल्या, ताटाकडं बघितलं, आणि काही न बोलता दोन बोटांनी ती फोड उचलली. दीड वर्ष त्यांनी हेच केलं होतं. सुधाकर लपवून लोणचं घ्यायचा आणि त्या न भांडता उचलून न्यायच्या. फोड उचलल्यावर अंगठ्यानं ताटातला तेलाचा डाग पुसायच्या. तोही त्यांनी पुसला. "चालत नाही तुमाले," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांचा हात थांबला.

नंदूनं घास तसाच धरला होता. वहिनींनी हळूहळू मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं सरळ बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, बराच वेळ. त्यांचे डोळे भरून आले, पण त्यांनी ते काही वळवले नाहीत. फोड हातातच होती.

"आता तुमी त नीट राहा," त्या म्हणाल्या. मग तिथंच, माझ्या ताटासमोर, खाली बसल्या. "जेवा."

त्या बघत राहिल्या आणि मी ते अळणी वरण शेवटच्या घासापर्यंत जेवलो.